कनातीमागचा पियानो

जालन्यात पियानो वाजवणारी एक बाई होती असं आज कुणी सांगितलं तर लोक हसतील. पियानो वाजवणारा मास्तर होता, हे मात्र जुन्या माणसांना पक्कं आठवतं. त्याची काळी शेरवानी आठवते, रुमी टोपी आठवते, खेळ संपल्यावर कनातीतून बाहेर येऊन त्याचं झुकून सलाम करणंही आठवतं. तो मास्तर माझा नवरा होता. त्याला पियानो येत नव्हता.

माझा जन्म टेंभुर्णीजवळच्या एका वाडीतला. आमची माणसं मेंढरांमागे फिरणारी. आजोबांच्या वेळेपासून थोडी जमीन धरून बसलेली. बाप प्लेगच्या साथीत गेला. मी तेव्हा इतकी लहान होते की त्याचा चेहरा मला आठवत नाही, फक्त घोंगडीचा वास आठवतो. मायलाही तोच ताप आला होता. तशा तापात ती मला घेऊन कुणाच्या तरी बैलगाडीत बसली आणि जालन्याला मिशनच्या दवाखान्यात येऊन पडली. बरी झाली आणि तिथेच राहिली. दवाखान्याचं दळण तिच्याकडे आलं. पुढे आम्ही दोघींनी बाप्तिस्मा घेतला. वाडीतल्या चुलत्यांनी त्यानंतर आमचं तोंड पाहिलं नाही.

मला मुलींच्या बोर्डिंगात घातलं. बोर्डिंगची मुख्य एक गोरी बाई होती, आम्ही तिला मिसबाई म्हणत असू. ती मराठी बोलायची, पण पोथीतल्यासारखी, एकेक शब्द जागच्या जागी ठेवून. तिच्या बंगल्याच्या बैठकीत पियानो होता. लाकूड पोखरणारी उधई चढू नये म्हणून त्याच्या पायांखाली रॉकेलच्या थाळ्या ठेवलेल्या असत. त्यामुळे माझ्या नाकात पियानोचा वास म्हणजे रॉकेलचाच वास आहे.

प्रार्थनेत मी गात असताना मिसबाईनं माझा आवाज हेरला. एके दिवशी तिनं मला बंगल्यावर बोलावलं, माझे हात उलटेपालटे करून पाहिले, बोटं ताणून पाहिली आणि म्हणाली, "उद्यापासून शाळा सुटल्यानंतर येत जा. नखे कापून ये."

अशी मी शिकायला लागले. ती फार कडक होती. हाताच्या पाठीवर ती एक ढब्बू पैसा ठेवायची. बोटं कितीही नाचली तरी तो पडता कामा नये. पियानोवर लोलकाचं एक यंत्र टकटक करत असायचं. त्या टकटकीच्या पुढे जायचं नाही आणि मागेही राहायचं नाही. किती तरी महिने नुसते सूर वर चढवणं आणि खाली उतरवणं. मग छोटे धडे, मग मोठ्या जर्मन उस्तादांच्या रचना. कागदावर जे छापलंय तेच वाजवायचं. हळू म्हटलं तिथे हळू, जोरात म्हटलं तिथे जोरात. मला ते आवडत होतं. उगाच खोटं कशाला बोलू? बोर्डिंगातल्या ज्वारीच्या भाकरीत खडे असत, मोठ्या मुली मारत, थंडीत एका गोधडीत तिघी झोपत असू. पण त्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांसमोर बसलं की सगळं जिथल्या तिथे असायचं. तिथे मला कुणी ढकलत नव्हतं.

माय दवाखान्याच्या मागच्या पडवीत दळायला बसायची. मी तिच्याजवळ झोपायला गेले की पहाटे तिच्या ओव्या कानावर यायच्या. तिच्या गाण्यात एक सूर होता, ओळीच्या शेवटी ती त्याच्यावर येऊन थांबायची. मी तो पियानोवर शोधायला लागले आणि मला तो सापडेना.

"मिसबाई, मायच्या गाण्यातला सूर ह्याच्यात न्हाई," मी एकदा म्हणाले.

"कोणता सूर?"

मी शेजारच्या दोन पट्ट्या दाखवल्या. "ह्या दोघींच्या मधी हाय तो."

"दोहोंच्या मध्ये काहीही नाही," ती म्हणाली. "मध्ये फक्त लाकूड आहे."

मग मी काय केलं, तर दोन्ही पट्ट्या एकदम दाबल्या आणि एक पटकन सोडून दिली. त्या सोडण्यात क्षणभर मायचा सूर आल्यासारखा वाटला. मला इतका आनंद झाला की मी हसले. मिसबाईनं झाकण खाली घेतलं, मी बोटं काढेपर्यंतच काय ती थांबली, आणि कुलूप लावलं. "घाण करू नकोस," एवढंच म्हणाली. महिनाभर तिनं मला पियानो उघडून दिला नाही. त्यानंतर मी तिच्यासमोर पुन्हा तसं केलं नाही. नव्हे, एकटी असतानाही केलं नाही. भीती बोटांत जाऊन बसते. ती मनातून गेली तरी तिथून जात नाही.

वर्षातून एक-दोनदा सिकंदराबादेहून, कधी विलायतेहून पाहुणे यायचे. त्या दिवशी मिसबाई मला बोर्डिंगची पांढरी साडी नेसू द्यायची नाही. कुणाचं तरी जाडंभरडं लुगडं आणवायची, हातात चांदीची कडी घालायला लावायची. मी आयुष्यात कधी कडी घातली नव्हती. आणि ती पाहुण्यांना इंग्रजीत सांगायची की ह्या मुलीची माणसं मेंढरांत झोपतात. मला तोवर तेवढं इंग्रजी कळत होतं, हे तिला ठाऊक होतं. मग मी जर्मन उस्तादाची रचना वाजवायची. पाहुणे टाळ्या वाजवायचे. एका बाईनं माझी बोटं हातात धरून, बाजारात भेंडी पाहतात तशी पाहिली. त्यानंतर त्यांचं जेवण बैठकीत आणि माझं स्वयंपाकघरात.

"तुला एक दिवस मुंबईला परीक्षेला पाठवीन," असं ती मला बरेचदा म्हणायची. मी विचारलं नव्हतं, तीच म्हणायची. मी त्या भरवशावर बसले. शाळा संपली, मी अठराची झाले, तेव्हा धीर करून मीच विषय काढला. ती खिडकीतून बाहेर पाहत होती.

"तू उत्तम वाजवतेस," ती म्हणाली. "पण पुढे काय करशील? तुझ्या लोकांना पियानोचा काय उपयोग?"

जिनं इतकी वर्षं माझी बोटं घडवली तीच मला हे विचारत होती. मी म्हणाले, "हो, मिसबाई." दोन महिन्यांत तिनं माझं लग्न लावून दिलं.

नवरा मुलांच्या मिशनशाळेत मास्तर होता. गोरागोमटा, आवाज गोड, उर्दू फर्डी. पेटीवर भजनं छान म्हणायचा. मला तो आवडला होता, आणि पहिलं वर्ष बरं गेलं. लग्नानंतर मी बंगल्यावर गेले आणि आठवड्यातून एकदा पियानोवर बसू द्याल का, असं विचारलं. मिसबाई म्हणाली, पियानो बोर्डिंगच्या मुलींसाठी आहे. शनिवारी पुसायला मात्र बाई हवी आहे, तू येशील का? मी परत फिरले. पुन्हा त्या फाटकातून आत गेले नाही.

पुढे नवऱ्याचं मिशनशी बिनसलं. तो शहरातल्या गाण्याच्या बैठकांना जातो, ही तक्रार होती, आणि ती खरी होती. नोकरी सुटली. त्याच सुमारास जालन्यातल्या एका सेठनं आपल्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या पत्र्याच्या शेडमध्ये सिनेमा सुरू केला होता. तेव्हाचा सिनेमा मुका. पडद्यावर चित्रं हलायची, आणि बाजूला बसून कुणीतरी काहीतरी वाजवायचं. छावणीतल्या साहेबांच्या क्लबात एक जुना पियानो धूळ खात पडला होता, तो सेठनं उचलून आणला; औरंगाबादेतसुद्धा अशी चीज न्हाई म्हणून तो सगळ्यांना सांगायचा. वाजवणारा मिळेना. माझा नवरा गेला आणि म्हणाला, मला येतं.

पेटी येणाऱ्याला वाटतं की पियानोही येईल. पट्ट्या तशाच दिसतात. पण पेटीला एक हात भात्यावर असतो, आणि सूर दाबून धरला की टिकतो. पियानोचा सूर वाजतो आणि विझतो. पहिल्या संध्याकाळी नवरा एका हातानं भजनाची चाल वाजवत बसला आणि दुसरा हात मांडीवर. पडद्यावर राक्षस धावत होता. लोकांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी भुईमुगाची टरफलं फेकली.

तो घरी आला तेव्हा त्याच्या टोपीत टरफल अडकलेलं होतं. मी ते काढलं. तो म्हणाला, "उद्या म्या जात न्हाई. सेठला काय तोंड दाखवू?"

"मी वाजवते," मी म्हणाले.

"तू? एवढ्या मर्दांसमोर?"

"समोर कशाला? कनात लावा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी त्याच्या डोळ्यांत फक्त सुटका झाल्याचा आनंद होता, लबाडी नव्हती. लबाडी नंतर आली.

सेठला एवढंच सांगितलं की मास्तरला गर्दी पाहून घाम फुटतो, आडोसा पाहिजे. पडद्याच्या बाजूला जाड कापडाची कनात उभी राहिली. पडदा दिसावा म्हणून तिला एक चीर पाडली. मी बुरखा पांघरून मागच्या दारानं आत जायचे. जालन्यात बुरख्यातल्या बाईला कोण विचारतो? नवराही माझ्याबरोबर आत बसायचा. खेळ संपला की तो बाहेर जाऊन सलाम करायचा.

पहिले आठ-दहा दिवस मी मिसबाईचं शिक्षण वाजवलं. बिनचूक. लोकांनी शिट्ट्या मारल्या नाहीत, पण ऐकलंही नाही. ते आपसांत बोलायचे, पोरांना हाका मारायचे. पडद्यावर बाईचं पोर मेलेलं असायचं आणि माझा जर्मन उस्ताद आपल्या घरच्या बागेत फिरत असायचा. शिवाय त्या पियानोच्या काही पट्ट्या मुक्या होत्या. दाबल्या तरी नुसता खट् आवाज. ऐन रंगात आलेली रचना तिथे येऊन खड्ड्यात पडायची. मला रडू यायचं. नवरा म्हणायचा, "जाऊ दे ना, त्यांना काय कळतं?"

मग एका संध्याकाळी पडद्यावर एक बाई जात्यावर दळायला बसली. चित्र साधंच होतं, पुढच्या गोष्टीशी त्याचा फारसा संबंधही नव्हता. पण तिचा हात फिरायला लागला आणि माझा डावा हात त्याच्याबरोबर फिरायला लागला. खालचे दोन सूर, पुन्हा तेच दोन सूर, घरघर, घरघर. उजव्या हातानं कागद सोडून दिला. शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबून एक सोडायची, ते जे मिसबाईनं कुलूपबंद केलं होतं, ते बोटांतून बाहेर आलं. ओळ शेवटाला आली आणि मायचा सूर वाजला. नुसता भास नव्हता, वाजलाच.

शेडमधला गलका थांबला. बायका पलीकडे वेगळ्या आडपडद्यामागे बसायच्या; तिकडून एक आवाज बारीक गायला लागला. मग दुसरी, मग तिसरी. कुणाचे शब्द कुणाशी जुळत नव्हते, जी ती आपापल्या घरची ओवी म्हणत होती, पण चाल माझी धरली होती. माझे हात चालतच होते. नवरा माझ्याकडे तोंड उघडं टाकून पाहत होता. हाताच्या पाठीवर ठेवायला पैसा नव्हता, आणि असता तर कुठल्या कुठे उडून गेला असता.

त्यानंतरची तीन-चार वर्षं माझी होती. तेवढीच. लढाई आली की जत्रेतला ढोल मी खालच्या पट्ट्यांत आणायचे, अंगठा आणि करंगळी आपटून. घोडा पळाला की उस्तादांनी शिकवलेली धावती बोटं कामाला यायची. ते शिक्षण मी टाकून दिलं नव्हतं, त्याला कामाला जुंपलं होतं. मुक्या पट्ट्यांचा खट् आवाजसुद्धा मी वापरायला लागले. टाळ म्हणून, घुंगरू म्हणून, दार लावल्याचा आवाज म्हणून. पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकायच्या, मग त्या दिवशीचं वाजवणं वेगळंच व्हायचं. रोज खेळ तोच असला तरी मी दोनदा सारखं वाजवलं नाही. असं वाजवणारं दुसरं कुणी मी तोवर ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. हे मी गर्वानं म्हणत असेन तर असेन. दुसऱ्या कुणी माझ्यासाठी ते म्हटलेलं नाही.

लोक सिनेमा बदलला का म्हणून विचारायचे नाहीत, आज मास्तर आहे का म्हणून विचारायचे. राजूरला गणपतीच्या दर्शनाला निघालेली माणसं जालन्यात एक मुक्काम वाढवून खेळाला यायची. एका जहागीरदारानं नवऱ्याला चांदीचं पदक दिलं. पहिल्या वेळी लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं तेव्हा तो घरी येऊन माझ्या पायाशी बसला होता. "हे बरोबर न्हाई. आपण सेठला सांगून टाकू," म्हणाला होता. पदक मिळाल्यावर ते त्यानं म्हणायचं सोडलं. मीही आठवण करून दिली नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून मला कनातीमागेही बसू दिलं नसतं, हे मला कळत होतं.

माय एकदाच खेळाला आली. मी तिला काही सांगितलं नव्हतं. जावई वाजवतो म्हणून शेजारणींबरोबर ती कौतुकानं आली आणि बायकांत बसली. खेळ संपला, नवरा सलाम करायला बाहेर गेला, आणि कनात बाजूला करून माय आत आली. बुरखा मांडीवर घेऊन मी बसले होते.

"हे तं माझं दळण हाय," ती म्हणाली.

मी बुरख्याची घडी घालायला लागले.

"तूच वाजवून राह्यली होती ना?"

"हो, माय."

बाहेर टाळ्या चालल्या होत्या. मायनं कान देऊन त्या ऐकल्या. "मंग हा भाईर काऊन सलाम करून राह्यला?"

मी तिला समजावायला लागले, की बाई माणूस, लोक काय म्हणतील, सेठ काय म्हणेल. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग पदरानं पियानोच्या पट्ट्या पुसल्या, जात्याची पाळ पुसतात तशा, आणि म्हणाली, "माझ्यावाल्या ओव्या कोनी म्हनल्या तं म्या कवा अडवलं न्हाई. पन कोनी माझं नाव पुसून म्हनल्या न्हाईत." ती पुन्हा सिनेमाला आली नाही. नवऱ्याशी ती तुटक बोलायची ते मरेपर्यंत. माझं वाजवणं माझं म्हणून ऐकणारी ती एकटीच, आणि तीही एकदाच.

घरी लोक यायला लागले. पेटीवाले, तबल्यावाले, एखादा वकील. नवरा गादीवर बसून सांगायचा, ही चाल मला कशी सुचली, ती कशी सुचली. "परवा जाफराबादच्या रस्त्यानं येत होतो, मेंढरं चालली होती, त्यांच्या पायांचा आवाज डोक्यात बसला," असं तो एकदा म्हणाला. मेंढरांची गोष्ट मी त्याला सांगितली होती, माझ्या लहानपणची. मी चहाचे पेले घेऊन दारात उभी होते. त्यानं माझ्याकडे पाहून विचारलं, "हिला विचारा. काय गं, बराबर ना?"

"बराबर," मी म्हणाले.

मग बोलका सिनेमा आला. सेठनं नवं यंत्र आणलं, भोंगे आणले. पडद्यावरची माणसं स्वतःच गायला लागली. पहिल्या दिवशी मी बुरखा घेऊन गेले तर कनात काढून टाकलेली होती आणि पियानो मागच्या गोदामात सरकीच्या पोत्यांना टेकवून ठेवलेला होता. कुणी सांगितलंही नव्हतं. सेठ माणूस वाईट नव्हता. तो नवऱ्याला म्हणाला, "मास्तर, तुमची चीज हाय. उचलून घेऊन जावा. मला जागा पाहिजे, बाकी काही नको."

मला वाटलं, देव पावला. आमची खोली लहान होती, पण मी मनात पलंग बाहेर काढला, रांजण हलवला, जागा केली. संध्याकाळी नवऱ्याला विचारलं, "कधी आणता?"

"काय?"

"पियानो."

तो जेवत होता. "ठेवायचा कुठं?"

मी जागा सांगितली. तो म्हणाला, पावसात खराब होईल. मी म्हणाले, मी काळजी घेईन. तो म्हणाला, हमाल लागतील, खर्चा होईल. मी म्हणाले, माझी बोरमाळ आहे, ती मोडा. तेव्हा त्यानं हात धुतले आणि सावकाश म्हणाला, "दोन्ही बाजूंनी बिऱ्हाडं हायत. भिंती अशा. म्या भाईर गेल्तो आणि घरात पियानो वाजला, तं लोक काय समजतील?"

तो माझ्याकडे पाहत नव्हता.

आठ दिवसांत एका सुतारानं तो पियानो नेला. लाकूड चांगलं होतं. त्याची कपाटं झाली असतील. मी त्या सुताराच्या दुकानावरून पुढे बरेच दिवस गेले नाही, आणि नवऱ्याशी किती दिवस बोलले नाही ते मोजलं नाही. त्यानं मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. शेजारणी मला नशीबवान म्हणायच्या. माझ्याकडे दाखवायला एकही वळ नव्हता.

मास्तरचं नाव झालेलं होतं. त्या नावावर त्याला जाफराबादेत एका बड्या घरच्या मुलांना गाणं शिकवायचं काम मिळालं, आणि आम्ही तिकडे गेलो. तिथे पियानो नव्हता, तेव्हा त्याला वाजवून दाखवा म्हणायची कुणाची सोय नव्हती. तो पेटी शिकवायचा आणि पियानोच्या गोष्टी सांगायचा. मी दुपारी गल्लीतल्या मुलींना अक्षरं शिकवायचे. मूल झालं नाही. कधी कधी पोळपाटावर माझी बोटं आपोआप चालायची. तो घरात असला की मी ती मुठीत धरायचे. वर्षं गेली. माय गेली.

रझाकारांच्या धामधुमीत बरीच घरं सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेली, आम्हीही गेलो. पोलिस कारवाईनंतर परत आलो तर नवऱ्याला ताप भरलेला होता. तो उतरला नाही. शेवटच्या दिवसांत त्यानं माझा हात धरून ठेवला होता. मला वाटलं, आता म्हणेल. तो पाणी माग, पांघरूण माग, असंच करत राहिला. मी दिलं.

तो गेल्यावर जालन्याच्या त्याच्या भावाच्या घरी माणसं जमली. सेठ आता म्हातारा झाला होता, तोही आला. पेटीवाले आले. प्रार्थना झाली, मग एकेक जण बोलायला लागला. असा हात पुन्हा होणार नाही, असं वकील म्हणाला. ती दळणाची चाल आठवली की अंगावर काटा येतो, असं दुसरा म्हणाला. एक म्हातारा तर रडला. मी कोपऱ्यात बसले होते. माझी चाल, माझी वर्षं, आणि फुलं मात्र त्याच्या नावावर. मला असह्य झालं.

"ते मी वाजवत होते," मी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी पुन्हा म्हणाले, "कनातीमागे मी होते. त्यांना पियानो येत नव्हता. सेठजी, तुम्ही तरी आठवा. बुरख्यातली बाई रोज मागच्या दारानं कोण येत होती?"

सेठनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "बेटी, तू तुझ्या मालकाचा डबा घेऊन येत होती," तो म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. दीर उठला, माझ्या जावेला म्हणाला, "वहिनीला आत घेऊन जा. दुःखानं डोकं ठिकाणावर न्हाई." जावेनं मला आत नेलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. बाहेर पुन्हा बोलणं सुरू झालं. आता आवाज जरा खाली होता, माझ्यामुळे.

पोटासाठी काहीतरी करायलाच हवं होतं. त्या वर्षी जालन्यात मुलींची एक नवी शाळा निघाली, तिथे गाणं शिकवायला बाई पाहिजे होती. दिरानं शब्द टाकला. मी भेटायला गेले. मुख्याध्यापिका पुण्याकडची, तरुण, नीटनेटकी बाई होती. तिनं मला खुर्ची दिली.

"तुमच्या यजमानांचं नाव इथे फार ऐकलं," ती म्हणाली. "एवढ्या मोठ्या कलावंताच्या घरात राहिलात, म्हणजे तुम्हांलाही थोडंफार येत असेल."

बाहेर मुली रांगेत उभ्या राहत होत्या. मला नोकरी हवी होती.

"थोडंफार येतं," मी म्हणाले.

त्याच दिवशी मला घेतलं. मास्तरांच्या पत्नी म्हणून.